भारत-अमेरिका संयुक्त स्वच्छ ऊर्जा संशोधन व विकास केंद्र
स्वच्छ ऊर्जेवरील संशोधनाला दोन देशांनी मिळून पैसा पुरवण्याची योजना. करार नोव्हेंबर २०१० मध्ये झाला. नाव ‘केंद्र’ असले, तरी प्रत्यक्षात ही दोन्हीकडील विद्यापीठे, प्रयोगशाळा व उद्योगांच्या गटांना अनुदान देणारी व्यवस्था आहे. दोन्ही सरकारांनी पाच वर्षांसाठी प्रत्येकी अडीच कोटी डॉलर देण्याचे ठरवले. सहभागी संस्था व उद्योगांनी आपली भर घालायची होती. संशोधन सामाईक, तिजोऱ्या मात्र वेगळ्या : भारतीय गटांना विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने, तर अमेरिकी गटांना तेथील ऊर्जा विभागाने पैसे दिले. भारतातील कारभार भारत-अमेरिका विज्ञान व तंत्रज्ञान मंचाकडे होता.

२०१२ मध्ये सौरऊर्जा, दुसऱ्या पिढीची जैवइंधने आणि इमारतींची ऊर्जाकार्यक्षमता या विषयांसाठी तीन गट निवडले गेले. सौर गटाचे नेतृत्व बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे व अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेकडे होते. मुंबईची आयआयटीही त्यात होती. वाफेऐवजी उच्च दाबाखालील, अतिक्रांतिक अवस्थेतील कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या औष्णिक चक्राची चाचणी-यंत्रणा बंगळूरला उभारली गेली, हे यातले ठळक काम. हा वायू या अवस्थेत बराच दाट असल्याने टर्बाइन लहान करता येते. पुढे २०१७ मध्ये स्मार्ट ग्रिड व ऊर्जासाठवणीसाठी आणखी एक गट निवडला गेला. त्याची भारतीय बाजू कानपूरच्या आयआयटीकडे होती.