जड जॅक गाडीवर कुठे बांधावा?

चाक पंक्चर झाले की आपण गाडीतला छोटा जॅक काढतो, दोन पाने फिरवतो, स्टेपनी लावतो आणि पुढे निघतो. डांबरी रस्त्यावर एवढ्याने भागते. पण ज्यांना वाळवंटात, दलदलीत किंवा डोंगरातल्या दगडधोंड्यांत गाडी न्यावी लागते, त्यांचा जॅक वेगळा असतो. तो सुमारे सव्वा मीटर उंच आणि १३-१४ किलो वजनाचा असतो. चाक चिखलात आसापर्यंत रुतले, तर गाडीचे ते टोक मीटरभर वर उचलण्याची सोय त्यात असते. असा जॅक बाळगणाऱ्यापुढे पहिलाच प्रश्न उभा राहतो, की हे धूड गाडीवर बांधायचे कुठे? प्रश्न किरकोळ वाटतो. पण त्याच्या उत्तरात तरफ, गुरुत्वमध्य आणि जडत्व हे शाळेत शिकवले जाणारे तिन्ही विषय येतात, आणि उत्तर चुकले तर जीवावर बेतू शकते. म्हणून या प्रश्नाचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

या जॅकची सुरुवात मोटारीसाठी झालेली नाही. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात ब्लूमफिल्ड नावाचे एक लहान गाव आहे. तेथील हॅरा कुटुंबाच्या कारखान्यात १९०५ पासून हा जॅक तयार होऊ लागला. पुढे ‘हाय-लिफ्ट’ या नावाने तो जगभर ओळखला गेला. त्याचे गिऱ्हाईक होते शेतकरी. कुंपणाचे खांब उपटणे, तारा ताणणे, शेतातली अवजारे उचलणे अशी कामे त्याच्याकडून करून घेत.

त्याची रचना अगदी साधी आहे. एक उभी पोलादी पट्टी, तिला सारख्या अंतरावर भोके आणि त्या पट्टीवरून वर सरकणारा एक भाग. या भागात दोन खिट्ट्या असतात. लांब दांडा खालीवर केला की एक खिट्टी भोकात बसून वजन पेलते आणि तेवढ्यात दुसरी सुटून पुढच्या भोकात जाते. माडावर चढणारा पाडेली आळीपाळीने हातापायांवर भार देत वर सरकतो, तसाच हा भाग पट्टीवर चढतो. दांडा ही पहिल्या प्रकारची की दुसऱ्या प्रकारची तरफ आहे, हे विद्यार्थ्यांना आकृती काढून ठरवायला सांगता येईल. टेकूपासून भार काही सेंटिमीटरवर आणि हात पाऊण मीटरवर असल्याने हाताच्या जोराच्या कित्येक पट बल मिळते, एवढे येथे पुरे.

शेतावर हा जॅक गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवला तरी चालत असे. तो सोबत न्यायचा नव्हता, त्यामुळे कुठे बांधावा हा प्रश्नच नव्हता. तो प्रश्न पुढे आला तो दुसऱ्या खंडात आणि दुसऱ्याच साधनाच्या बाबतीत.

राल्फ बॅग्नोल्ड हा ब्रिटिश लष्करातला अभियंता १९२६ मध्ये इजिप्तमध्ये आला. रजेच्या दिवसांत मित्रांना घेऊन फोर्ड गाड्यांतून तो लिबियाच्या वाळवंटात भटकू लागला. १९२९ ते १९३२ या काळात, मोटार जाणे अशक्य मानल्या गेलेल्या वाळूच्या टेकड्या या मंडळींनी ओलांडल्या. भुसभुशीत वाळूत चाक रुतले की नुसता जॅक उपयोगी पडत नाही, कारण जॅकचा पायही वाळूतच जातो. रुतलेल्या चाकापुढे काहीतरी घट्ट पसरावे लागते. पहिल्या महायुद्धात खंदकांची छपरे टेकवण्यासाठी बनवलेल्या पन्हळीच्या आकाराच्या पोलादी पट्ट्या बॅग्नोल्डला कैरोच्या जुन्या बाजारात मिळाल्या. चाकाखाली त्या सारल्या की गाडी त्यांवरून बाहेर येई.

१९४० मध्ये दुसऱ्या महायुद्धात बॅग्नोल्डने कैरोत ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ हे पथक उभे केले. शत्रूच्या पिछाडीस शेकडो किलोमीटर वाळवंटातून जाऊन टेहळणी करणे हे त्याचे काम. दीड टनी शेवरोले ट्रकवर पाणी, पेट्रोल, अन्न, दारूगोळा असे मिळून दोन टनांपर्यंत सामान चढे. वजन वाचवण्यासाठी दारे आणि काचा काढून टाकल्या होत्या. अशा गाडीवर या पोलादी पट्ट्या कुठे होत्या? त्या काळची छायाचित्रे पाहिली तर त्या ट्रकच्या बाजूला, बाहेरून अडकवलेल्या दिसतात.

ही जागा सोयीची होती. सगळे सामान भरल्यावर पट्ट्या आत तळाशी ठेवल्या असत्या, तर दर वेळी अर्धा ट्रक रिकामा करावा लागला असता. आणि दिवसात अनेकदा रुतणाऱ्या ट्रकला ते परवडणारे नव्हते. वर, सामानाच्या डोंगरावर ठेवल्या असत्या, तर आधीच उंच झालेला भार आणखी उंच झाला असता. बाजूला त्या उभ्या माणसाच्या हाताशी राहत. बॅग्नोल्ड नुसता प्रवासी नव्हता. वारा वाळू कशी वाहून नेतो याचा अभ्यास त्याने लंडनच्या इंपीरियल कॉलेजात वातबोगद्यात केला होता, आणि त्यावरील त्याचा ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. हा विषय अभ्यासणारे आजही तो वाचतात. मंगळावरील एका वालुका-टेकड्यांच्या पट्ट्याला बॅग्नोल्डचे नाव दिले असून ‘क्युरिऑसिटी’ ही बग्गी २०१५ च्या अखेरीस तेथे पोचली.

याच महायुद्धात अमेरिकेची जीप आली. तिच्या चालकाच्या बाजूला, पत्र्यावर बाहेरून कुऱ्हाड आणि फावडे पट्ट्यांनी आवळलेले असे. स्टेपनी आणि पेट्रोलचा डबा मागे. तत्त्व तेच होते. रुतल्यावर जे लागते ते हाताशी, पण उंचावर नाही. युद्ध संपताच १९४५ मध्ये ही जीप अमेरिकेत शेतकऱ्यांसाठी विकायला आली. शेतजॅक तर शेतावर आधीपासूनच होता. जीपचा बंपर सरळ, जाड पोलादी पट्टीचा. जॅकची जीभ त्याखाली सहज बसे. अशी या दोघांची जोडी जमली, आणि आता जॅक सोबत नेण्याचा प्रश्न खरोखरच उभा राहिला.

हळूहळू हौसेने आडवाटेला जाणारे लोक वाढले, गाड्या मोठ्या झाल्या, सामान वाढले. मग एक मोकळी जागा सगळ्यांच्या नजरेत भरली, ती म्हणजे टप. टपावर कॅरिअर बसवायचे आणि जॅक, स्टेपनी, डबे सारे त्यावर बांधायचे. चिखल लागत नाही, आतली जागा अडत नाही, दिसायलाही रुबाबदार! पण येथे गणित करून पाहायला हवे.

समजा, गाडीचे वजन १,६०० किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटर, आणि डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर १४५ सेंटिमीटर आहे. गाडी बाजूला कलली आणि गुरुत्वमध्यातून जाणारी उभी रेषा खालच्या चाकाच्या बाहेर पडली, की ती उलटते. निम्मे अंतर ७२.५ भागिले उंची ७०. या गुणोत्तराला ‘टॅन’ मानून येणारा कोन सुमारे ४६ अंश. आता १४ किलोचा जॅक १९० सेंटिमीटर उंचीवर टपावर ठेवू. गुरुत्वमध्य जेमतेम १ सेंटिमीटर वर जातो आणि कोन अर्ध्या अंशापेक्षाही कमी घटतो. म्हणजे एकट्या जॅकने फारसे बिघडत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण टपावर जॅक एकटा क्वचितच असतो. कॅरिअर ३० किलो, स्टेपनी २५, पेट्रोलचे दोन भरलेले डबे ४० आणि जॅक मिळून सुमारे ११० किलो होतात. गुरुत्वमध्य जवळजवळ ८ सेंटिमीटर चढतो, आणि कोन ४३ अंशांवर येतो. तीन अंश गेले! शिवाय हा हिशेब कडक, स्थिर गाडीचा झाला. प्रत्यक्षात खालच्या बाजूच्या स्प्रिंगा आणि टायर दबतात, वरचे चाक दगडावर चढते, आणि गाडी यापेक्षा बऱ्याच कमी उतारावर उलटते. मुळातच थोडी असलेली सवलत आपण आपल्या हाताने कमी करतो.

गाड्या उलटून होणारे मृत्यू पाहून अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २००१ च्या गाड्यांपासून उलटण्याच्या धोक्याची मानांकने प्रसिद्ध करायला सुरुवात केली. त्यांचा आधार होता हाच भागाकार, म्हणजे चाकांमधले निम्मे अंतर भागिले गुरुत्वमध्याची उंची. साध्या मोटारींचे हे गुणोत्तर साधारण १.३ ते १.५, तर उंच जीपवजा गाड्यांचे १ ते १.३. आपल्या उदाहरणात ते १.०४ होते, टप लादल्यावर ०.९३ झाले.

मग जॅक गाडीच्या आत ठेवावा का? गुरुत्वमध्याच्या दृष्टीने ते उत्तम. पण ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकून एक दशांश सेकंदात थांबली, तर आतल्या १४ किलोच्या जॅकला थांबवायला सुमारे १,९५० न्यूटन, म्हणजे २०० किलो वजनाएवढे बल लागते. ते बल देणारा पट्टा किंवा बोल्ट नसेल, तर जॅक थांबत नाही, पुढच्या आसनांवर जाऊन आदळतो. आत ठेवायचाच तर तो फरशीला, नटबोल्टनेच जखडला पाहिजे.

मागच्या दाराला बांधला, तर त्याच दारावर बहुधा स्टेपनीही असते. खड्ड्यागणिक हा भार क्षणभर दुपटी-तिपटीने जाणवतो आणि बिजागऱ्या थकतात. बॉनेटवर बांधला तर नजर अडते. पुढच्या बंपरवर बांधला तर चिखल थेट खिट्ट्यांत जातो, आणि ऐन वेळी त्या अडकतात. शिवाय धडकेत समोरच्या पादचाऱ्याला त्या लोखंडाची इजा वेगळीच. बाजूला खाली, दारांच्या पायरीशी बांधला तर वजन खाली आणि चाकांच्या मधोमध राहते. ही जागा बॅग्नोल्डच्या जागेच्या सर्वांत जवळची. पण तेथे धूळ-चिखल असतोच, म्हणून कापडी खोळ आणि अधूनमधून तेल हवे. आणि गाडी नेमकी त्याच कुशीवर कलली तर तो हाताला लागत नाही.

निर्दोष जागा एकही नाही, हे यावरून ध्यानात येईल. मात्र पसंतीचा क्रम लावता येतो. शक्य तितका खाली, पुढच्या-मागच्या चाकांच्या दरम्यान, पक्का जखडलेला, आणि सामान न उतरवता हाती येणारा. या चार अटींपैकी जास्तीत जास्त जेथे पुऱ्या होतील ती जागा त्या गाडीपुरती योग्य. टप पहिल्याच अटीत नापास होतो.

आणखी एक बदल लक्षात घेण्याजोगा आहे. आजच्या बहुतेक गाड्यांचे बंपर प्लास्टिकचे असतात. शेतजॅकची जीभ लावायला त्यांवर जागाच नसते. अशा गाडीवर हा जॅक मिरवणे म्हणजे निरुपयोगी वजन वाहणे. जेथे तो लागू पडतो, तेथेही त्याचा पाय तळहाताहून थोडाच मोठा असतो. खाली लाकडाचा जाड ठोकळा हवा, बाकीच्या चाकांना अडण हवी, आणि त्यावर तोललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही शिरू नये. दांड्याच्या रेषेत तोंड नेणेही टाळावे. तो निसटला तर जबडा फोडू शकतो.

वर्गात हे सारे एका फळीवर दाखवता येईल. चाके फिरणार नाहीत अशी एखादी खेळण्यातली मोटार फळीवर आडवी ठेवावी; घसरू नये म्हणून खालच्या चाकांपाशी काडीची बारीक अडण चिकटवावी. फळीचे एक टोक सावकाश उचलत मोटार कोणत्या कोनाला उलटते ते कोनमापकाने मोजावे. मग दोन नाणी चिकटपट्टीने टपावर लावून पुन्हा मोजावे, आणि तीच नाणी पोटाखाली लावून तिसऱ्यांदा. वजन तिन्ही वेळा लिहून ठेवायला सांगावे. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी ते सारखेच असते. कोन मात्र वेगळा येतो. तो का, हे मुलांनाच सांगू द्यावे.