नियमित क्रियापदांचा अनियमित इतिहास



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आज आपण येथे जमलो आहोत, ते सर आम्हांला आठवीत इंग्रजी शिकवीत. पहिल्याच तासाला फळ्यावर 'लव्ह' हे क्रियापद चालवून दाखवीत आणि आम्ही ते एका सुरात म्हणत असू. 'आय लव्ह' उच्चारताना मागच्या बाकांवर जी खसखस पिकत असे, तिची आठवण येथे बसलेल्या अनेकांना असेल. एवढी क्रियापदे असताना नेमके हेच का, असे विचारण्याचे धैर्य मात्र आम्हांपैकी कोणाला झाले नाही.

त्याचे उत्तर लॅटिनमध्ये आहे. आठव्या हेन्रीने 1540च्या सुमारास विल्यम लिलीच्या नावाने ओळखले जाणारे लॅटिन व्याकरण इंग्लंडच्या शाळांसाठी अधिकृत ठरविले. लॅटिनच्या अभ्यासात नियमित क्रियापदाचा नमुना 'आमो', म्हणजे 'मी प्रेम करतो' हा. पुढे इंग्रजीचे व्याकरण लिहू लागलेल्यांनी त्याचेच भाषांतर उचलले. जॉन वॉलिसने 1653 साली बजावले होते, की इंग्रजीला लॅटिनचा अंगरखा घालू नये, तिच्या क्रियापदाला रूपाने दोनच काळ आहेत. गंमत अशी, की हे त्याने लिहिले ते लॅटिनमध्ये! त्याचे फारसे कोणी ऐकले नाही. 1795 साली यॉर्क येथे लिंडली मरे या अमेरिकन वकिलाने मुलींच्या एका शाळेच्या निमित्ताने जे व्याकरण लिहिले, त्यातही 'लव्ह' सर्व काळांत व अर्थांत पानोपानी चालविलेले आहे. तो साचा पुढे आपल्याकडील वर्गांतही उतरला. वस्तुतः लॅटिन क्रियापदाची रूपे शंभराहून अधिक, तर इंग्रजी नियमित क्रियापदाची अवघी चार: लव्ह, लव्ह्‌ज, लव्ह्‌ड, लव्हिंग. 'आंबा खाल्ला, पोळी खाल्ली' असे कर्माच्या लिंगानुसार क्रियापद बदलण्याची सवय असलेल्या मराठी मुलाला एवढ्याशा रूपांचे भय का वाटावे, हे मला आजही कळलेले नाही.

ही चार रूपे मुळात एवढी थोडी नव्हती. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत पुरुष, वचन आणि अर्थ यांप्रमाणे प्रत्यय बदलत. त्या काळी क्रियापदांचे दोन प्रमुख वर्ग होते. याकोब ग्रिमने 1819 साली जर्मन भाषांच्या व्याकरणात त्यांना 'सबल' आणि 'दुर्बल' अशी नावे दिली. सबल क्रियापद आपला स्वर बदलून भूतकाळ साधते, जसे 'सिंग'चे 'सँग'. दुर्बलाला ती शक्ती नाही, म्हणून ते 'द'काराचा प्रत्यय जोडून घेते. हा प्रत्यय 'डू' या क्रियापदाचाच अवशेष असावा, असे एक जुने मत आहे. विद्वानांत त्यावर वाद आहे. परंतु इतिहासाचा न्याय पाहा, ज्याला दुर्बल म्हटले तेच जिंकले! 'हेल्प'चे भूतकाळवाचक धातुसाधित पूर्वी 'होल्पन' होते; 1611च्या बायबलात ते आढळते. आज तेथे 'हेल्प्ड' आहे. नवे क्रियापद भाषेत आले, की ते याच दुर्बलांच्या पंक्तीला बसते.

अर्थात प्रवाह एकाच दिशेने वाहिला असे नाही. त्याच बायबलात 'डिग्ड' आहे, ते मागे पडून 'डग' आले. 'वेअर'चे 'वोअर' हेही असेच उलट गेलेले.

तृतीय पुरुषी एकवचनाच्या 'एस'ची कथा निराळी. तो उत्तर इंग्लंडचा. दक्षिणेत 'एथ' होते. उत्तरेकडचा हा पाहुणा हळूहळू लंडनपर्यंत पोहोचला आणि घरचा मालक झाला. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये पोर्शियाच्या दयेवरील भाषणात दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदतात. अनेकवचनाचा 'एन' प्रत्यय तर पार लोपला. बेन जॉन्सनच्या 1640 साली प्रसिद्ध झालेल्या व्याकरणात त्याबद्दल खरी हळहळ आहे.

'ईडी'तील स्वरही पूर्वी स्वतंत्रपणे उच्चारला जाई. तो गिळला जाऊ लागला तेव्हा जोनाथन स्विफ्ट संतापला. 1712 साली त्याने जाहीर पत्र लिहून, अशाने व्यंजनांची टक्कर होऊन भाषा कर्कश होते, अशी तक्रार केली. लोकांनी उच्चार बदलला नाही. आज तो स्वर 'वाँटेड'सारख्या, 'टी' वा 'डी'ने संपणाऱ्या क्रियापदांत उरला आहे, आणि 'लर्नेड', 'ब्लेसेड' अशा काही विशेषणांत.

आता एक जुना हिशेब. सहामाहीच्या पेपरात मी 'कॅच'चे 'कॅच्ड' लिहिले होते आणि सरांनी लाल शाईने अर्धा गुण कापला होता. पुढे कॉलेजात असताना डॉ. जॉन्सनचा 1755चा कोश चाळताना दिसले, की त्याने 'कॅच्ड' आणि 'कॉट' ही दोन्ही रूपे दिली आहेत, आणि 'कॅच्ड' आधी! आनंदाच्या भरात मी सरांना सविस्तर पत्र लिहिले. आठवड्याने पोस्टकार्ड आले. त्यात लिहिले होते, की डॉ. जॉन्सनच्या परीक्षेत तू उत्तीर्ण झाला असतास. माझ्याकडचा अर्धा गुण कापलेलाच राहील. खाली ता. क. घालून त्या कोशातील 'हेल्प'ची नोंदही पाहून कळवावी, असे सांगितले होते.