घाण्याचा बैल आणि शनिवार

कडेगावच्या मोहरमला उंच ताबूत उठतात आणि त्यांच्या मानकऱ्यांत हिंदू घराणीही असतात. त्या मोहरमची दहावी तारीख म्हणजे आशुरा. मदिनेतले यहुदी या दिवशी उपवास करताना पैगंबरांना दिसले, मोशेच्या सुटकेची ती आठवण असल्याचे त्यांनी सांगितले, अशी हदीसमधली परंपरा आहे. तोरेतही सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी उपवास करावा, काम करू नये, अशी आज्ञा आहे. तिथला 'दहावा' या अर्थाचा हिब्रू शब्द 'असोर'. आशुरा आणि असोर यांचे नाते उघड आहे. कडेगावहून सह्याद्री ओलांडून कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात उतरले, की तोच दहावा दिवस अस्सल मराठी नावाने भेटतो: दारफाळणीचा सण.

हा सण बेने इस्राएल समाजाचा. दारे लावून घ्यायची, पांढरी वस्त्रे ल्यायची, उपवास करायचा, कोणाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. हिब्रूत याच दिवसाला 'योम किप्पूर', प्रायश्चित्ताचा दिवस म्हणतात. पण ते नाव या लोकांना शतकानुशतके ठाऊक नव्हते. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात जोडपी वाचली आणि पोथ्यापुस्तके समुद्रात गेली, ही त्यांची वंशकथा. कथेतला इतिहास किती, यावर वाद आहे. एवढे मात्र खरे, की हा समाज कोकणात पुस्तकाविना दीर्घकाळ जगला आणि तरीही आज्ञा पाळत राहिला. त्या कशा टिकल्या, हा या लेखाचा प्रश्न आहे.

उत्तर धंद्यात आणि स्वयंपाकघरात सापडते. हे लोक तेल गाळत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले; सोमवारी घाणा न जुंपणारे हिंदू तेली ते 'सोमवार तेली'. दहा आज्ञांपैकी शब्बाथाची आज्ञा माणसाइतकीच त्याच्या जनावरालाही विश्रांती देते. ती आज्ञा वाचता न येणाऱ्या माणसाच्या गोठ्यात बैल शनिवारी मोकळा उभा असे. गावाला याचे नवल वाटले नाही, कारण वार पाळणे ही इथली ओळखीची गोष्ट होती. परक्या आज्ञेला मराठी रिवाजाचे घर आयते मिळाले.

सणांची नावेही अशीच घरगुती आहेत. नवे वर्ष तो 'नव्याचा सण'. वल्हांडणाच्या दिवसांत घरात खमीर ठेवू नये ही तोरेची आज्ञा. कोकणात तिचे रूप झाले 'अनाशी ढाकाचा सण', म्हणजे आंबटाचे मडके झाकून ठेवण्याचा. मिसरदेशातून सुटकेची सविस्तर कथा ओठांवर नव्हती, पण मडके झाकले जात होते. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिवस 'बिरड्याचा सण' झाला, कारण उपवास वालाच्या बिरड्याने सुटे. या जुन्या यादीत हनुक्का, म्हणजे यहुद्यांचा दिव्यांचा सण नाही. तो इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सुरू झाला, तेव्हा त्याआधीच हे लोक निघाले असावेत, असे अनुमान काढले जाते. अनुमान मोहक आहे, पुरावा नव्हे. न आठवलेला सण विसरलेलाही असू शकतो.

दाविद राहाबी नावाचा यहुदी केव्हातरी कोकणात आला, त्याची कथा या संदर्भात बोलकी आहे. त्याचा काळ कोणी हजार वर्षांपूर्वीचा मानतात, कोणी अठराव्या शतकातला. हे खरे इस्राएली का, हे पाहायला त्याने त्यांच्या बायकांपुढे मासळी ठेवली. त्यांनी पर आणि खवले असलेली मासळी निवडली, बाकीची बाजूला सारली. तोरेचा नियम नेमका हाच. परीक्षा घेणारा पुरुष, पण उत्तीर्ण झाल्या त्या बायका, आणि तेही चुलीपाशी. 'शमा इस्राएल' एवढी एक प्रार्थना सोडली, तर जतन झाले ते सारे हातांनी जतन केलेले होते.

पुस्तक परत आले ते निराळ्याच वाटेने. १७९६मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत पहिले सभास्थान बांधले होते. कोचीनचे यहुदी शिकवायलाही आले. पण शाळा, छापखाना आणि हिब्रू व्याकरण यांत मोठा वाटा ख्रिस्ती मिशनऱ्यांचा. अमेरिकन मिशनने १८२६मध्ये मराठीत नवा करार छापला. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण काढले. यामागचा हेतू लपलेला नव्हता: तोरा वाचता वाचता हे लोक येशू हाच मशीहा या निष्कर्षाला पोचतील, ही त्यांची आशा. बेने इस्राएलांनी हिब्रू घेतली, निष्कर्ष घेतला नाही. धर्मांतरे थोडीच झाली. उलट १८४६मध्ये मुंबईत वल्हांडणाची हग्गादा मराठी भाषांतरासह निघाली. १८७४मध्ये पुण्यात निघालेल्या हग्गादात लुगडी नेसलेल्या स्त्रिया सणाची तयारी करताना दिसतात. जोसेफ एझिकिएल राजपूरकरांनी प्रार्थना मराठीत आणल्या, हाईम सॅम्युएल केहिमकरांनी समाजाचा इतिहास लिहिला.

पुस्तक आल्यावर मात्र मोजमापही आले. १९४८नंतर हजारो बेने इस्राएल इस्राएलला गेले. १९६२मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने आदेश काढला, की यांच्या विवाहाआधी पूर्वजांची चौकशी करावी. आक्षेप शब्बाथावर नव्हता, मासळीवरही नव्हता. घटस्फोटाचा विधी आणि निपुत्रिक विधवेला दिराच्या बंधनातून मोकळे करण्याचा विधी यांना ठाऊक नव्हता, तेव्हा वंशशुद्धी कशी मानावी, हा होता. पुस्तक नसलेल्या शतकांचा हिशेब पुस्तकाच्या नियमांनी मागितला गेला. समाजाने मोर्चे काढले, धरणी धरली. १९६४मध्ये संसदेत त्यांच्या पूर्ण समानतेचा पुरस्कार झाला आणि तो आदेश बदलावा लागला.

येशूला मशीहा मानूनही तोरेच्या आज्ञा रोजच्या जगण्यात पाळू पाहणारे लोक आज जगात आहेत. ते पुस्तक वाचतात आणि त्यातून घराची रीत घडवू पाहतात. शनिवार तेल्यांचा प्रवास याच्या नेमका उलट होता: त्यांच्याजवळ रीत होती, तिचे पुस्तक त्यांना उशिरा सापडले. आज्ञापालनाची कसोटी केवळ ग्रंथातल्या कलमांवर लावली, तर हे लोक कमी पडतात. पण ज्या काळात कलमे सांगणारे कोणी नव्हते, त्या काळात आज्ञा कोणी जिवंत ठेवली, असे विचारले तर उत्तर पर-खवले पाहून मासळी निवडणाऱ्या बायकांकडे आणि शनिवारी न जुंपलेल्या बैलाकडे जाते.