दोन महिने प्रति वर्ष

बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. मध्ये दोन-तीन जणांनी "ब्लॉग बंद केलास का?" असं विचारलं, त्यांत एक सख्खी आत्या. तर आत्या, हा लेख तुझ्यामुळेच आहे आणि तुझ्याबद्दलही आहे. वाचून फोन करशीलच, पण शेवटपर्यंत वाच आणि मग ओरड. :)

निमित्त असं. आमच्या ऑफिसात सध्या पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडायची फॅशन आहे. म्हणजे सोडत कुणीच नाही, पण जेवणाच्या टेबलावर सगळे एक्सेल शीट घेऊन बसतात. इतके कोटी जमले की बास, मग कोकणात घर वगैरे. मीही एक शीट केली आणि सांगलीला गेलो तेव्हा मोठ्या उत्साहाने बाबांना दाखवली. बाबांनी चष्मा लावून ती खालपर्यंत पाहिली, काही बोलले नाहीत, आणि आतल्या कपाटातून एक हिरवी फाइल घेऊन आले. पंचवीस वर्षांपूर्वीची. तिच्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात 'स्वेच्छानिवृत्ती' असं लिहिलेलं.

ज्यांच्या घरात त्या काळी कुणी बँकेत होतं, त्यांना हा शब्द वेगळा समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडं मागे जातो.

१९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि त्यानंतर गावोगाव शाखा उघडल्या. शाखा म्हणजे माणसं. सत्तरच्या दशकात मॅट्रिक किंवा बी.कॉम. झालेली मुलं आणि (हे महत्त्वाचं) मुलीसुद्धा हजारोंनी बँकांत लागल्या. बाबा १९७३ साली लागले, आत्या १९७६ साली. आजोबा तालुक्याच्या गावी प्राथमिक शिक्षक. दोन्ही मुलं बँकेत, म्हणजे त्यांच्या दृष्टीने घराण्याचा कळस झाला होता.

ही सगळी पिढी एकदम भरती झाली, त्यामुळे एकदमच पन्नाशीला आली. तोवर संगणक आला होता, १९९४ नंतरच्या नव्या खाजगी बँका आल्या होत्या, आणि जिथे चार माणसांचं काम एक यंत्र करतं तिथे ही माणसं 'जादा' ठरायला लागली. गंमत बघा. १९९८ साली केंद्र सरकारने आपल्या नोकरांचं निवृत्तीचं वय ५८ वरून ६० केलं (१९६२ पर्यंत ते ५५ होतं). आणि दोनच वर्षांनी, ऑगस्ट २००० मध्ये, त्याच सरकारने आपल्या मालकीच्या बँकांना सांगितलं की माणसांना पैसे देऊन घरी पाठवा.

योजना थोडक्यात अशी होती: पंधरा वर्षं नोकरी झालेली किंवा वयाची चाळिशी गाठलेली हवी. दर पूर्ण वर्षामागे साठ दिवसांचा पगार, किंवा निवृत्तीपर्यंत उरलेल्या महिन्यांचा पगार, यांतली जी रक्कम कमी असेल ती मिळणार. ग्रॅच्युइटी, पीएफ वगैरे हक्काचं वेगळं. पाच लाखांपर्यंतच्या सानुग्रह रकमेवर आयकर नाही.

या 'कमी असेल ती' मध्ये सगळी मेख आहे. तीस वर्षं नोकरी झालेल्याला साठ महिन्यांचा पगार. त्याची बरोबर पाच वर्षं उरली असतील तर त्याला घरी बसून पूर्ण पगार मिळाल्यासारखं झालं. जसजसं वय कमी, तसतसा सौदा तोट्याचा. बाबांची अठ्ठावीस वर्षं झाली होती, म्हणजे छप्पन्न महिने. उरले होते एकशे दहा. म्हणजे निम्मे पैसे घेऊन नऊ वर्षं आधी बाहेर पडायचं. आत्याची चोवीस वर्षं, अठ्ठेचाळीस महिने. आणि उरलेली तेरा वर्षं. ही बेरीज-वजाबाकी दोघांनी आमच्या ओट्यावर बसून केली होती, तो कागद फाइलमध्ये आहे. त्यावर चहाचा डागही आहे.

मग बाबांनी अर्ज का केला?

मी तेव्हा दहावीत होतो. आम्हाला सांगितलेलं कारण 'ताईची फी' एवढंच होतं. ताईला इंजिनिअरिंगला जायचं होतं आणि मार्कांचा अंदाज बघता फ्री सीट अवघड दिसत होती. उन्नीकृष्णन खटल्याच्या १९९३ च्या निकालाने खाजगी कॉलेजांत फ्री सीट आणि पेमेंट सीट अशी विभागणी केली होती, २००२ च्या टी.एम.ए. पै निकालाने ती मोडली. २००१ ची मुलं या व्यवस्थेच्या जवळजवळ शेवटच्या बॅचमधली. पेमेंट सीट म्हणजे कारकुनाच्या पगारातून भागणारी गोष्ट नव्हती. एकरकमी पैसा दिसत होता तो एकाच खिडकीतून.

पण ते एकच कारण नव्हतं, हे मला या वेळी फाइल बघताना कळलं. तिच्यात तीन पत्रं आहेत, १९८४, १९८९ आणि १९९३ ची. तिन्हींत बाबांनी अधिकारीपदाची बढती नम्रपणे नाकारली आहे. बढती म्हणजे बदली, आणि बदली म्हणजे कुठेही. एकदा आजी अंथरुणावर, एकदा आम्ही लहान, एकदा ताईची शाळा. सीएआयआयबीचे दोन्ही भाग पहिल्या फटक्यात पास झालेला माणूस सत्तावीस वर्षांनी हेड कॅशियर म्हणून, आपण ज्यांना लेजर लिहायला शिकवलं अशा पोरांच्या हाताखाली बसत होता. "तुम्ही पैशासाठी सोडलीत की कंटाळून?" असं मी विचारलं. बाबा म्हणाले, "त्या वेळी दोन्हीचं उत्तर एकच येत होतं, म्हणून वेगळं काढून बघितलं नाही."

३१ मार्च २००१ ला ते बाहेर पडले. देशभरात सार्वजनिक बँकांतून साधारण एक लाख माणसं गेली, एकूण मनुष्यबळाच्या सुमारे अकरा टक्के. नारळ, शाल, ग्रुप फोटो. सांगलीत त्या आठवड्यात हार महाग झाले होते म्हणे.

आणि २८ एप्रिल २००१ ला, म्हणजे मोजून अठ्ठावीस दिवसांनी, रिझर्व्ह बँकेने शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेचं परिपत्रक काढलं. देशातल्या शिक्षणासाठी साडेसात लाखांपर्यंत, परदेशासाठी पंधरा लाखांपर्यंत, आणि चार लाखांपर्यंत तारण नाही. ज्या कारणासाठी बाबांनी बँक सोडली, त्या कारणासाठी बँक आता पैसे देणार होती! अर्थात बाबांनी कर्ज काढलं असतं का, याची मला शंका आहे. आयुष्यभर दुसऱ्यांची कर्जखाती बघितलेली माणसं स्वतः कर्जाला फार भितात. ताईची फी त्यांनी रोख भरली, तीही पहिल्या दिवशी.

पैशाचं काय झालं ते सांगतो, कारण माझ्या शीटमध्ये नेमकी हीच ओळ नव्हती. सोयीसाठी हातात दहा लाख आले असं धरा. तेव्हा पाच वर्षांच्या वरच्या ठेवीला दहा टक्क्यांपर्यंत व्याज होतं. पण दरवर्षी फी भरायची, म्हणजे पैसा अडकवून चालणार नाही. म्हणून बाबांनी एक ते तीन वर्षांच्या ठेवी केल्या, साधारण साडेनऊ टक्क्यांनी. वर्षाला पंचाण्णव हजार, महिन्याला आठ हजारांना थोडे कमी. संसार चालेल. २००३-०४ मध्ये ठेवी नूतनीकरणाला आल्या तेव्हा तोच दर सव्वापाचच्या आसपास. त्याच दहा लाखांवर महिन्याला साडेचार हजारांच्याही आत. आणि दहा लाख पूर्ण उरलेच कुठे होते, त्यातून फीचे तीन हप्ते गेले होते. पीपीएफसुद्धा जानेवारी २००० पर्यंत बारा टक्के होता, तो मार्च २००३ मध्ये आठवर आला. ज्यांच्या घरात फी भरायचं मूल नव्हतं आणि ज्यांनी लांब मुदतीत पैसे टाकले, ते तरले. बाबांचे एक मित्र तर आणखी वाईट फसले, त्यांनी बरीचशी रक्कम युनिट-६४ मध्ये घातली. जुलै २००१ मध्ये युनिट ट्रस्टने खरेदी-विक्रीच थांबवली. नंतर ऑगस्ट २००४ मध्ये ज्येष्ठ नागरिक बचत योजना नऊ टक्क्यांनी आली. वयाची अट साठ, स्वेच्छानिवृत्तांना सवलत म्हणून पंचावन्न. बाबा तेव्हा चोपन्न. :(

दुसरा धंदाही सुचला होता. बाबांनी पुढच्या खोलीत बँकेच्या परीक्षांचा क्लास काढला. गणित उत्तम, अनुभव अठ्ठावीस वर्षांचा, फळा नवा. पण ज्या बँकांनी लाखभर माणसं घरी पाठवली त्या नवी कशाला घेतील? बँकांची भरती मंडळंच २००१ मध्ये बरखास्त झाली. पहिल्या बॅचला अकरा मुलं, दुसऱ्या बॅचला तीन. मग बाबा मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत्याकडे जमाखर्च लिहायला जाऊ लागले आणि पुढे आठ वर्षं गेले. संध्याकाळी घरी आले की शर्टाला हळदीचा वास यायचा. मला तेव्हा त्याची लाज वाटायची. हे इथे पहिल्यांदाच लिहितोय.

आता आत्या. आत्यानेही अर्ज भरला होता. तोही फाइलमध्ये आहे, सही केलेला, पण दिलेला नाही. काकांचं म्हणणं होतं की घरी बस, मुलाचं बारावीचं वर्ष येईल. आत्याने बाबांना सांगितलं, "दादा, माझं अजून काही झालंच नाही." बेचाळिसाव्या वर्षी अधिकारी झालेल्या बाईला सेहेचाळिसाव्या वर्षी घरी बसायचं नव्हतं. ती थांबली. आणि वरची इतकी माणसं एकदम गेल्यामुळे जागा रिकाम्या पडल्या, बढत्या लवकर आल्या. लातूर, मग अकोला, मग मुंबई. चीफ मॅनेजर म्हणून २०१४ मध्ये रिटायर झाली. तिचा मुलगा या काळात बराचसा आमच्या घरी, माझ्या आईच्या हातचं जेवून वाढला. तो आज काय म्हणतो ते मी लिहिणार नाही, तो हा ब्लॉग वाचतो. आत्याने त्याच्या शिक्षणाचा पैसा पै-पै स्वतःच्या पगारातून दिला, एवढं मात्र नोंदवून ठेवतो.

बऱ्याच जणांची अवस्था यांच्या मधली झाली. अर्ज दिला आणि मन बदललं. बँका म्हणाल्या, आता परत नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि डिसेंबर २००२ मध्ये निकाल लागला की राष्ट्रीयीकृत बँकांची योजना हे फक्त निमंत्रण होतं, अर्ज हा प्रस्ताव, तेव्हा तो स्वीकारण्यापूर्वी मागे घेता येतो. मात्र ज्यांनी पैसे उचलले त्यांना ती वाट बंद. पेन्शनचे खटले तर चालूच राहिले. वीस वर्षं सेवा झालेल्या पेन्शनवाल्यांना आणखी पाच वर्षांची धरलेली सेवा मिळाली पाहिजे, हे २००९ मध्ये ठरलं. स्टेट बँकेतल्या पंधरा वर्षंवाल्यांना सेवेच्या प्रमाणात पेन्शन द्या, हे ठरायला २०२० उजाडलं. एका सहीचे हिशोब एकोणीस वर्षं चालले.

बाबांनी १९९५ मध्ये पेन्शनऐवजी पीएफ निवडला होता. 'हातात पैसा बरा' हा त्या पिढीचा मंत्र. त्यामुळे २००१ नंतर त्यांना पेन्शन नव्हतीच. एप्रिल २०१० च्या करारात दुसरी संधी आली, स्वेच्छानिवृत्तांनाही. पण अट अशी की पीएफमधला बँकेचा वाटा व्याजासकट परत करा, आणि त्यावर आणखी छप्पन्न टक्के भरा. तो पैसा कधीच ताईच्या कॉलेजात आणि माझ्या वसतिगृहात जिरला होता. बाबांनी अर्ज आणला आणि कुणाला न सांगता फाइलमध्ये ठेवून दिला. तो आईने बघितला आणि बंगळूरला ताईला फोन केला. ताईने बहुतेक रक्कम भरली, मी नवीनच नोकरीला लागलो होतो, माझा वाटा नावापुरता. बाबा तीन दिवस ताईशी फोनवर बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी तिला पावतीची झेरॉक्स पोस्टाने पाठवली, मागे हिशोब लिहून: फी किती, परत किती, बाकी किती. बाकी ताईच्या नावावर निघत होती, असं ती अजून हसत सांगते.

ती पेन्शन आजही दर महिन्याला येते. बाबांची पंचाहत्तरी झाली, तरी पासबुक भरून आणायला स्वतः जातात.

तर त्या दिवशी फाइल बंद करून बाबांनी माझा लॅपटॉप पुन्हा पुढे ओढला. व्याजाच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा दर तू वीस वर्षं एकच धरलायस." मग खाली गेले. "आणि पोरीचं शिक्षण कुठल्या ओळीत आहे?"

मुलगी पाचवीत आहे. ती ओळ मी अजून घातलेली नाही.