दिनविशेष : २३ जुलै
१९२७ साली याच तारखेला मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं, हे अनेकांना ठाऊक असतं. १९८५ची २३ जुलै मात्र विस्मरणात गेली. त्या दिवशी न्यूयॉर्कला कमोडोर कंपनीने ‘अमिगा’ हा घरगुती संगणक लोकांसमोर आणला. त्यातली ‘पॉला’ नावाची चिप एकाच वेळी चार आवाज वाजवी. १९८७मध्ये जर्मनीच्या कार्स्टन ओबार्स्कीने अमिगासाठी ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ हे संगीत रचण्याचं सॉफ्टवेअर लिहिलं. पडद्यावर चार उभे रकाने, प्रत्येकात ६४ ओळी. कीबोर्डवरून एकेक सूर भरायचा आणि वरून खाली सरकणारी ती यादी ऐकायची. आवाजांचे नमुने आणि स्वरलेखन दोन्ही ८८० किलोबाइटच्या फ्लॉपीत मावत.

गंमत अशी, की मात्रेला चार ओळी दिल्या की १६ मात्रांचा तीनताल त्या ६४ ओळींत नेमका बसतो. दादरा बसवू पाहा: दोन आवर्तनं ४८ ओळींत संपतात, तिसरं मध्येच तुटतं. आमच्या आंबागड भागात दंडार या लोकनाट्याच्या गाण्याबजावण्याला आधी माणसं गोळा करावी लागतात. अमिगावर मात्र एकटा पोरगा रात्रभर चौघांचं काम करी, तेही शेजाऱ्यांची झोप न मोडता, हेडफोन लावून.