‘आमच्यात पूर्वीपासूनच आहे’ : मुलगा हवा आणि गर्भलिंगनिदानाचा इतिहास

सोनोग्राफीनंतर बाळाची वाढ, ठोके, वार, पाणी हे सगळं मी समजावून सांगतो. सोबत आलेली सासू शांतपणे ऐकते आणि शेवटी हळूच विचारते, “डॉक्टरसाहेब, बाकी काय दिसून राहिलं?” मी सांगतो की मुलगा की मुलगी हे सांगणं गुन्हा आहे. त्यावर काटोल, नरखेडकडच्या अनेक घरांतून एकच उत्तर येतं, “ते खरं हो, पण आमच्यात मुलगा लागतोच. पूर्वीपासूनच आहे.”

या ‘पूर्वीपासून’चा हिशेब आज तपासून पाहू. मुलाची हौस जुनी आहे, हे खरं. ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ हा आशीर्वाद, वंशाचा दिवा, मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी, हे सगळं आपल्या आजी-पणजीच्या काळापासून चालत आलं आहे. पण मुलगी जन्मालाच येऊ द्यायची नाही, ही गोष्टही तितकीच जुनी आहे का?

इंग्रजी अमलातल्या नोंदी

१७८९ मध्ये बनारसचा इंग्रज अधिकारी जोनाथन डंकन याने तिकडच्या काही राजपूत घराण्यांत नवजात मुलींना मारलं जातं, अशी नोंद केली. पुढे तो मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याच्याच काळात, १८०८ च्या सुमारास, कर्नल वॉकरने काठियावाडातल्या जाडेजा राजपूत प्रमुखांकडून ‘मुली मारणार नाही’ असे करार लिहून घेतले. करार होऊनही प्रथा लगेच थांबली नाही. अखेर १८७० मध्ये स्त्री-बालहत्या प्रतिबंधक कायदा झाला.

या चौकशांचा रोख मुख्यतः उत्तर हिंदुस्थान, पंजाब आणि काठियावाडातल्या ठरावीक समाजांवर होता. मोठा हुंडा आणि मुलगी वरच्याच घराण्यात देण्याची सक्ती ही तिथली मुख्य कारणं होती.

महाराष्ट्रातली बालहत्या

आपल्याकडे त्या काळात बालहत्येची चर्चा झाली ती वेगळ्या कारणाने. बालविवाहामुळे कोवळ्या वयात विधवा झालेल्या मुली, पुनर्विवाहाला बंदी, आणि अशा मुलीला दिवस गेले तर बदनामीची भीती. त्या भीतीपोटी मूल मारलं जाई, मग तो मुलगा असो की मुलगी. म्हणून जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे विधवेने गुपचूप येऊन बाळंत व्हावं आणि मूल जगावं, एवढीच इच्छा. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला.

१८८२ मध्ये आपल्या विदर्भातल्याच, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं, तेही सुरतेच्या अशाच एका विधवेला झालेल्या शिक्षेमुळे. दोष बाईवर ढकलून पुरुष मोकळा कसा राहतो, हा त्यांचा सवाल होता.

याचा अर्थ आपल्याकडे मुलींचे लाड होत होते असा नाही. मुलीला दूध कमी, दवाखान्यात नेणं उशिरा, शाळा नाहीच. साताऱ्याकडे नको असताना झालेल्या मुलीचं नाव ‘नकुशी’ ठेवत. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. नकुशी हे नाव वाईटच. पण त्या २८५ मुली जन्माला आल्या होत्या, शाळेत जात होत्या आणि स्वतःचं नवं नाव निवडू शकल्या. त्यानंतरच्या नकुशींना नाव मिळण्याची वेळच येऊ नये, अशी सोय मात्र आमच्या व्यवसायाने केली.

सुई आली, मग यंत्र आलं

गर्भाभोवतीच्या पाण्यातल्या पेशींवरून लिंग ओळखता येतं, हे १९५६ मध्ये डेन्मार्कच्या डॉक्टरांनी दाखवलं. हेतू चांगला होता. हिमोफिलियासारखे काही आजार मुख्यतः मुलग्यांना होतात, त्यांची शक्यता आधी कळावी. भारतात ही तपासणी सत्तरच्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये सुरू झाली, तीही गर्भातील दोष शोधण्यासाठीच. तिचा वापर मुली पाडण्यासाठी होतोय हे दिसल्यावर १९७८ मध्ये सरकारने सरकारी रुग्णालयांत लिंगनिदान बंद केलं. खासगी दवाखाने मोकळेच राहिले. आज थोडे पैसे खर्च करा, उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती उघडपणे लागू लागल्या.

१९८६ मध्ये राज्याच्या आरोग्य खात्यासाठी डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटून पाहणी केली. त्यातले ४२ जण लिंगनिदानासाठी ही तपासणी करत होते. ही खेड्यातली अंधश्रद्धा नव्हती. मुंबईतले शिकलेले डॉक्टर आणि फी परवडणारी कुटुंबं यांच्यातला तो व्यवहार होता.

तो नेमका तेव्हाच का वाढला? आधीच्या पिढीत घरात पाच-सहा मुलं व्हायची, त्यात एखादा मुलगा बहुधा असायचा. पुढे कुटुंब लहान झालं, ही चांगलीच गोष्ट. पण मुलाचा हट्ट तेवढाच राहिला. दोनच मुलांत मुलगा हवा, तर निवड करावी लागणार, आणि निवड करून देणारा दवाखाना जवळच होता.

कायदा आणि आकडे

स्त्री संघटना आणि काही डॉक्टरांनी आवाज उठवला. त्यातून १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला लिंगनिदानविरोधी कायदा केला. १९९४ चा केंद्रीय कायदा १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. तोही कागदावरच राहतोय म्हणून सेहत आणि मासूम या संस्था व डॉ. साबू जॉर्ज २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. तेव्हा कुठे सोनोग्राफी यंत्रांची नोंदणी गंभीरपणे सुरू झाली. २००३ मध्ये कायदा अधिक कडक झाला.

निसर्गतः दर १००० मुलग्यांमागे साधारण ९५० मुली जन्मतात. सहा वर्षांखालील मुलांमध्ये महाराष्ट्रात हे प्रमाण १९९१ मध्ये ९४६ होतं, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. म्हणजे बहुतेक घसरण कायदा झाल्यानंतरची.

जिल्ह्यांकडे पाहा. २००१ मध्ये ऊस आणि सहकारामुळे सधन झालेल्या कोल्हापुरात ८३९, सांगलीत ८५१. जंगलातल्या गडचिरोलीत ९६६. मागासलेपण हे कारण असतं, तर आकडे उलटे दिसले असते. बीड २००१ मध्ये ८९४ वर होतं, दहा वर्षांत ८०७ वर आलं. आपला नागपूर जिल्हा ९४२ वरून ९३१ वर. फरक लहान वाटेल, पण दिशा तीच आहे.

यात गर्भवतीचाही जीव जातो. २०१२ मध्ये परळीत आणि २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला अशी प्रकरणं उघड झाली, तीही बाई दगावल्यावर.

एवढं लक्षात ठेवा

बाळाचं लिंग वडिलांच्या शुक्रजंतूवरून ठरतं. त्यात एक्स असेल तर मुलगी, वाय असेल तर मुलगा. हे विज्ञानाला १९०५ पासून ठाऊक आहे. मुलगी झाली म्हणून सुनेला बोलण्यात काही अर्थ नाही. गोळ्या, काढे, तिथी यांनी त्यात फरक पडत नाही.

गर्भपात कायदेशीर आहे. १९७१ च्या कायद्यातल्या कारणांसाठी तो नोंदणीकृत दवाखान्यात सुरक्षितपणे करता येतो. गुन्हा आहे तो लिंग तपासून केलेल्या निवडीचा, आणि तो सांगणाऱ्या डॉक्टरसोबत विचारणाऱ्या नातेवाइकांनाही लागू होतो. कायद्याच्या नजरेत गर्भवतीवर घरच्यांनी सक्ती केली असंच आधी धरलं जातं. म्हणून, ताई, तुमच्यावर कोणी दबाव आणत असेल तर तपासणीच्या वेळी एकटीने आत या आणि सांगा.

मुलाची हौस पणजीच्या काळची असेल. पण पणजीने पोटातली मुलगी मुलगी आहे म्हणून पाडली नव्हती, तिला ते कळतच नव्हतं. ही रीत चाळीस-पन्नास वर्षांची आहे आणि ती आम्ही डॉक्टरांनी तुमच्या घरी आणली. त्यामुळे ती बंद करण्याची सुरुवातही आमच्याच टेबलापासून व्हायला हवी. पुढच्या वेळी “काय दिसून राहिलं?” विचाराल, तर मी बाळाचं वजन आणि ठोके सांगेन.