लाख रुपयांचा चरखा

खादी म्हणजे यंत्राशी वैर, असा समज सुशिक्षितांत फार दिवस रूढ आहे. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. १९२९ च्या जुलै महिन्यात अखिल भारतीय चरखा संघाने एक जाहिरात प्रसिद्ध केली. सुधारलेला चरखा तयार करणारास एक लाख रुपयांचे पारितोषिक देण्याचे तीत अभिवचन होते. हाताने पिंजलेला पेळू, फिरते चाक आणि एक चाती, एवढ्यावर शतकानुशतके चाललेल्या ह्या कामात नव्या युगाच्या कल्पकतेला महात्मा गांधींनी असे जाहीर आमंत्रण दिले.

त्या जाहिरातीतील अटी मननीय आहेत. यंत्र हलके असावे, खेड्यातील झोपडीत ते हाताने किंवा पायाने चालविता यावे, आणि आठ तास काम करूनही स्त्रीला फार शीण होऊ नये. तेवढ्या वेळात १२ ते २० नंबरचे सूत भरपूर निघावे. यंत्राने हातपिंजणीचे पेळू कातावे, नाहीतर पिंजणही स्वतःच करावे. किंमत १५० रुपयांच्या आत, आयुष्य वीस वर्षांचे, आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या शेकडा पाचांहून अधिक नसावा. तात्पर्य, वेग हवाच होता. परंतु तो कातणारीच्या स्वाधीन राहावा, तिने वेगाच्या स्वाधीन होऊ नये, हा ह्या सर्व अटींचा गाभा होता.

अनेकांनी खटपट केली. लोखंडी नांगरांसाठी नावाजलेल्या किर्लोस्करवाडीतही एक यंत्र सिद्ध झाले. पण तेही सर्व अटींस उतरले नाही, आणि पारितोषिक कोणासच लाभले नाही. तथापि प्रयत्न थांबले नाहीत. येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींनी घडीच्या चरख्याचे प्रयोग केले, आणि पेटीत मावणारा तो चरखा ‘येरवडा चक्र’ ह्या नावाने प्रसिद्धी पावला.

यंत्राइतकाच बिकट प्रश्न मजुरीचा होता. खादी स्वस्त ठेवावयाची तर कातणारीच्या पदरी चार पैसेही पडेनात. म्हणून १९३५ मध्ये चरखा संघाने निर्वाहापुरत्या मजुरीचे धोरण पत्करले. दिवसाच्या आठ तासांच्या कामास आठ आणे मिळावेत, ही गांधीजींची इच्छा होती. प्रत्यक्षात तितके देणे साधले नाही. तरी कापडाचा भाव ठरविताना कातणारीच्या पोटाचा विचार आधी करावा, हे तत्त्व मान्य झाले.

स्वातंत्र्यानंतर तामिळनाडूतील एकांबरनाथ ह्यांचा अंबर चरखा पुढे आला. गिरणीतील सूतकताईचेच तत्त्व त्यात लहान प्रमाणावर योजलेले असून तो एका वेळी अनेक चात्या फिरवितो. प्रा. द. गो. कर्वे ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५५ मध्ये त्याचा पुरस्कार केला. परंतु ह्या सुधारणेबरोबर एक परावलंबनही आले. अंबर चरख्यास एकसारखा पेळू लागतो, आणि आज खादीसाठी लागणारा बराचसा पेळू मोठ्या केंद्रांतील यंत्रांवर तयार होऊन येतो. चाती घरात राहिली, पण पेळू घराबाहेर गेला. १९२९ च्या जाहिरातीत पिंजणाची अट का होती, ते येथे उमगते.

सृष्टीला अपाय न करणाऱ्या पोशाखाची आज सर्वत्र चर्चा आहे, आणि खादीला नव्या धर्तीच्या वस्त्रांत मानाचे स्थान मिळत आहे. वर्ध्यास १९३८ मध्ये स्थापन झालेल्या मगन संग्रहालयाच्या परिवारात वनस्पतिज रंगांनी रंगविलेली खादी तयार होते. कपाशीच्या मुलखातच कापड व्हावे, ह्या जुन्या विचाराचे ते फळ होय. मात्र रंग झाडाचा आणि वीण हाताची एवढ्याने परीक्षा पुरी होत नाही. वस्त्र कितीही सुंदर असो, ते घडविणारीच्या हाती काय पडले आणि तिच्या साधनावर सत्ता कोणाची, हे दोन प्रश्न गिऱ्हाइकाने विचारलेच पाहिजेत. लाख रुपये कोणी जिंकले नाहीत. पण त्या निमित्ताने घालून दिलेली कसोटी अद्याप जुनी झालेली नाही.